चित्रनगरी कोणाची? सिनेमाला मिळणारी सरकारी मदत आणि आपले तरुण

जयंती जवळ आली की वस्तीवस्तीत शॉर्टफिल्मची धावपळ सुरू होते. कोणी मोबाईलवर शूट करतो, कोणी लग्नाच्या शूटिंगवाल्या मित्राचा कॅमेरा दोन दिवसांसाठी मागून आणतो, कोणी रात्र जागून एडिटिंग करतो. यातल्या काही फिल्म खरोखर चांगल्या असतात. पण या मुलांपैकी पुढे पूर्ण लांबीचा चित्रपट किती जणांनी केला, असे विचारले तर उत्तर बोटांवर मोजण्याइतके येते. गोष्टी आपल्याकडे भरपूर आहेत, सांगण्याची हिंमतही आहे. गाडी अडते ती पैशापाशी.

समाजकार्याच्या निमित्ताने तरुणांच्या बैठकांना जातो तेव्हा दोन गोष्टी कायम ऐकतो. काही जणांना सरकार चित्रपटांना पैसे देते हेच माहीत नसते. ज्यांना माहीत असते ते म्हणतात, "दादा, ते आपल्यासाठी नसतं." पहिली गोष्ट माहितीची आहे, दुसरी अनुभवाची. या लेखात दोन्ही तपासून पाहू. महाराष्ट्र सरकार चित्रपट-मालिका उद्योगाला नेमकी कशी मदत करते, ती मदत कोणाच्या हाती पडते आणि ती आपल्या मुलामुलींपर्यंत यावी म्हणून काय बदलायला हवे, असे तीन प्रश्न आहेत.

१९२० सालच्या दोन मदती

महाराष्ट्रात सिनेमाला राजाश्रय मिळणे ही नवी गोष्ट नाही. कोल्हापूरच्या मेस्त्री घराण्यातले, सुतारकाम आणि चित्रकलेत वाढलेले बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्यांनी कॅमेराही स्वतःच तयार केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले आणि राजर्षी शाहू महाराजांनी पाठबळ दिले. १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. याच कंपनीत तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली आणि तिच्या जागेत आज एफटीआयआय ही केंद्र सरकारची चित्रपट शिक्षणसंस्था उभी आहे. एका संस्थानाने सुरुवातीला दिलेल्या हातभाराची साखळी कुठवर पोहोचली, हे यावरून दिसते.

त्याच १९२० सालची दुसरी मदत आपल्याला जास्त ओळखीची आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांच्या 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. ते पाक्षिक सुरू करण्यासाठी शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले होते. 'केसरी'ने त्या काळात पैसे देऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापायला नकार दिला होता. म्हणजे प्रस्थापित माध्यमांचे दरवाजे बंद होते आणि म्हणूनच स्वतःचे माध्यम हवे होते.

शाहू महाराजांनी 'आधी दहा अंक काढून दाखवा, चांगले वाटले तर पैसे देऊ' अशी अट घातली नाही. ज्याच्याकडे विचार आहे पण भांडवल नाही, त्याला त्यांनी भांडवलच दिले. आजची सरकारी मदत या कसोटीवर घासून पाहावी लागेल.

सरकार आज काय काय देते?

राज्याची मदत ढोबळमानाने पाच वाटांनी येते.

पहिली वाट जागेची आणि स्टुडिओची. मुंबईत गोरेगावला १९७७ मध्ये राज्य सरकारने चित्रनगरी उभारली. तिला आता दादासाहेब फाळके यांचे नाव आहे. पाचशेहून अधिक एकरांच्या या परिसरात स्टुडिओ, बाह्यचित्रीकरणाची ठिकाणे आणि कायमचे सेट आहेत. कारभार 'महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळा'कडे आहे. याच महामंडळाकडे कोल्हापूरजवळ मोरेवाडीची चित्रनगरीही आहे. १९८० च्या दशकात आकाराला आलेली ही चित्रनगरी बरीच वर्षे जवळपास बंद पडून होती. अलीकडे तिच्यात पुन्हा पैसा घातला गेला, नवे सेट आले आणि मालिकांचे चित्रीकरण सुरू झाले. मराठी निर्मात्यांना भाड्यात सवलत मिळते.

दुसरी वाट थेट अनुदानाची. दर्जेदार मराठी चित्रपटांना राज्य सरकार अनुदान देते. चित्रपट पूर्ण होऊन सेन्सॉर प्रमाणपत्र मिळाले की निर्माता अर्ज करतो. समिती चित्रपट पाहते, गुण देते आणि दर्जा ठरवते. दशकभराहून अधिक काळ चाललेल्या नियमांत 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख रुपये असे हे अनुदान राहिले आहे. रकमा आणि अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करण्याआधी ताजा शासन निर्णय वाचावा.

तिसरी वाट कराची. १९७५ च्या सुमारास राज्याने मराठी चित्रपटांसाठी करपरतावा योजना आणली. तिकिटांवर जमा झालेला करमणूक कर निर्मात्याला परत मिळायचा आणि त्याने पुढचा मराठी चित्रपट करावा अशी अपेक्षा होती. मराठी सिनेमाला त्या काळात या योजनेने तारले, हे मान्य करायला हवे. पुढे मराठी चित्रपटांना करमणूक कर माफच राहिला, तर इतर चित्रपटांवर तो ४५ टक्क्यांपर्यंत होता. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि करमणूक कर त्यात विलीन झाला. आता एखादा चित्रपट 'करमुक्त' झाला असे आपण ऐकतो तेव्हा राज्य फक्त स्वतःच्या वाट्याचा जीएसटी सोडत असते.

चौथी वाट पडद्याची. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला प्राईम टाइममध्ये जागा द्यावी असा निर्णय २०१५ मध्ये झाला. कागदावर तो चांगला आहे. प्रत्यक्षात छोट्या चित्रपटाला सकाळचा किंवा भलत्याच वेळेचा खेळ मिळतो आणि दुसऱ्या आठवड्यात तोही निघून जातो, ही तक्रार नवी नाही.

पाचवी वाट पुरस्कार, महोत्सव आणि महापुरुषांवरील चित्रपटांची. यातले आपल्या सर्वांना माहीत असलेले उदाहरण म्हणजे डॉ. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'. केंद्र सरकारचे सामाजिक न्याय खाते आणि महाराष्ट्र सरकार यांच्या पैशातून एनएफडीसीमार्फत तो बनला. मामुट्टी यांना त्यासाठी उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरीही मूळ इंग्रजीतला हा चित्रपट तमिळमध्ये डब होऊन तमिळनाडूच्या चित्रपटगृहांत पोहोचायला २०१० साल उजाडले, तेही न्यायालयात दाद मागितल्यावर. सरकारने पैसे दिले म्हणजे चित्रपट लोकांपर्यंत पोहोचला असे होत नाही, हा धडा यातून घेण्यासारखा आहे.

मदत शेवटी येते, गरज सुरुवातीला असते

या पाचही वाटा नीट पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. जवळपास सगळी मदत चित्रपट बनल्यानंतर मिळते. करपरतावा तिकिटे खपल्यावर मिळायचा, त्यामुळे ज्याचा चित्रपट जास्त चालला त्याला जास्त मदत. अनुदान सेन्सॉर झाल्यावर मिळते. प्राईम टाइम प्रदर्शनाच्या वेळी. स्टुडिओच्या भाड्यात सवलत मिळते, पण उरलेले भाडे भरण्याची ऐपत आधी लागते.

एक साधा हिशेब करू. समजा एका नवख्या निर्मात्याने एक कोटी रुपयांत चित्रपट केला. मराठीत हा काही चैनीचा आकडा नाही. बँक त्याला उभी करत नाही, म्हणून त्याने बाहेरून महिना दोन टक्क्यांनी पैसे घेतले. दरमहा व्याज झाले दोन लाख. चित्रीकरण, संकलन, सेन्सॉर, प्रदर्शन, अर्ज, समितीची बैठक आणि रक्कम हातात पडणे यात पंधरा महिने गेले तर नुसते व्याज ३० लाख होते. म्हणजे 'ब' दर्जाचे सगळे अनुदान सावकाराच्या घरात गेले. बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्येच 'सावकारी पाश' काढला होता. शंभर वर्षांनी तो पाश शेतकऱ्यासोबत नवख्या निर्मात्याच्याही गळ्यात आहे.

ज्याच्याकडे घरचे पैसे आहेत त्याला हे व्याज भरावे लागत नाही. त्याच्यासाठी ३० लाख हे खरोखर ३० लाख असतात. एकच योजना, एकच रक्कम, पण दोन माणसांच्या हातात तिची किंमत वेगवेगळी. समाजशास्त्रात आम्ही शिकतो की समान नियम असमान समाजात लावले तर असमानता तशीच टिकते. त्याचे याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

पैशाच्या जोडीला दुसरे एक भांडवल लागते, ते म्हणजे ओळखीचे आणि वावराचे. पटकथा कोणाला वाचायला द्यायची, चॅनेलच्या कार्यालयात कोणाला भेटायचे, अर्जातल्या भाषेचा अर्थ काय, समितीवर कोण बसते. पिढ्यानपिढ्या नाटक-सिनेमात असलेल्या घरात ही माहिती जेवणाच्या ताटावर मिळते. आपल्या पोराला ती मिळवायला पाच-सात वर्षे मुंबई-पुण्यात काढावी लागतात, आणि तेवढी वर्षे घर त्याला पोसू शकत नाही.

मग नागराज मंजुळे कसे पुढे आले, असा प्रश्न हमखास येतो. करमाळा तालुक्यातल्या जेऊरमधून आलेल्या मंजुळे यांनी अहमदनगरच्या महाविद्यालयात शिकताना 'पिस्तुल्या' ही शॉर्टफिल्म केली, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग 'फँड्री' आला आणि २०१६ मध्ये 'सैराट'ने मराठीत कमाईचे सगळे विक्रम मोडले. 'फँड्री'त डुक्कर वाहून नेणाऱ्या कुटुंबामागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र दिसते. ती चौकट बाहेरच्या माणसाला सुचणे अवघड होते. यावरून दोन गोष्टी कळतात. वंचित समाजातला दिग्दर्शक आला तर कलाही समृद्ध होते आणि धंदाही वाढतो. आणि एक माणूस सगळे अडथळे ओलांडून पुढे गेला म्हणून अडथळे नाहीत असे म्हणता येत नाही. बाबासाहेब परदेशात शिकून आले म्हणून कोणी शिष्यवृत्त्या बंद करा म्हणत नाही.

बाबासाहेबांवर चित्रपट आणि मालिका येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. २०१९ मध्ये सुरू झालेली 'महामानवाची गौरवगाथा' ही मालिका घराघरांत पाहिली गेली. पण बाबासाहेबांवरील कथेला पडदा मिळणे आणि बाबासाहेबांच्या विचारांवर वाढलेल्या मुलीला दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली म्हणून दुसरी आपोआप होत नाही.

केरळने उलट्या क्रमाने सुरुवात केली

या प्रश्नावर दुसऱ्या एका राज्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे. केरळ राज्य चित्रपट विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले. तेव्हा मल्याळम चित्रपटांचे बरेचसे काम मद्रासला व्हायचे. तो उद्योग स्वतःच्या राज्यात आणण्यासाठी सरकारने तिरुवनंतपुरमजवळ चित्रांजली स्टुडिओ उभारला. महामंडळाची स्वतःची चित्रपटगृहे आहेत. मार्च २०२४ मध्ये त्याने 'सी स्पेस' नावाचा सरकारी ओटीटीही सुरू केला. म्हणजे स्टुडिओ, चित्रपटगृह आणि ओटीटी हे तिन्ही एकाच सार्वजनिक संस्थेच्या हातात आहेत.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती २०१९-२० मध्ये सुरू झालेली योजना. आधी महिला दिग्दर्शकांसाठी आणि पुढच्या टप्प्यात अनुसूचित जाती-जमातीच्या दिग्दर्शकांसाठी महामंडळाने चित्रपटनिर्मितीला निधी द्यायला सुरुवात केली. एका चित्रपटाला दीड कोटी रुपयांपर्यंत. इच्छुकांकडून पटकथा मागवल्या जातात, तज्ज्ञांकडून त्यांची छाननी होते आणि निवड झालेल्या चित्रपटाचे निर्माते महामंडळच असते. दिग्दर्शकाने घर गहाण ठेवण्याची गरज नाही. पैसा आधी येतो.

या योजनेतून 'निषिद्धो', 'बी ३२ मुतल ४४ वरे', 'व्हिक्टोरिया' असे महिला दिग्दर्शकांचे चित्रपट आले आणि महोत्सवांत नावाजले गेले. अनुसूचित जाती-जमाती गटातून अरुण जे. मोहन यांचा 'चुरुळ' आणि व्ही. एस. सनोज यांचा 'अरिकु' आला. आकड्यात ही संख्या लहान वाटेल. पण हे दिग्दर्शक सावकाराकडे न जाता पहिल्या चित्रपटापर्यंत पोहोचले.

योजना निर्दोष आहे असेही नाही. काही महिला दिग्दर्शकांनी दिरंगाई, कागदी घोडे आणि महामंडळाकडून मिळणारी वागणूक यांबद्दल उघडपणे तक्रारी केल्या. चित्रपट तयार होऊनही प्रदर्शनाला उशीर झाला. महाराष्ट्रात अशी योजना मागताना या तक्रारीही समोर ठेवल्या पाहिजेत. नाहीतर पैसा मंजूर होईल आणि फाईल टेबलावर पडून राहील.

'आधी प्रशिक्षण घ्या' म्हणजे काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये केरळ सरकारने चित्रपट धोरणावर परिषद घेतली. तिच्या समारोपात ज्येष्ठ दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन यांनी या योजनेवर टीका केली. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि महिला दिग्दर्शकांना नुसता पैसा देऊ नये, आधी काही महिन्यांचे कडक प्रशिक्षण द्यावे, दीड कोटी ही रक्कम जास्त आहे, ती तिघांत वाटावी, यातून भ्रष्टाचाराला वाट मिळू शकते, असा त्यांचा सूर होता. सभागृहातच गायिका पुष्पवती यांनी निषेध नोंदवला. सांस्कृतिक मंत्री साजी चेरियन यांनी योजनेची बाजू मांडली. अडूर यांनी नंतरही आपले म्हणणे सोडले नाही आणि मल्याळी समाजात बरेच दिवस वाद चालला.

अडूर यांचे सिनेमातले योगदान मोठे आहे, त्यावर वाद नाही. प्रशिक्षण वाईट असेही कोणी म्हणणार नाही. पण प्रशिक्षणाची अट फक्त या दोन गटांनाच का? पैसेवाल्या निर्मात्याच्या मुलाने पहिला चित्रपट केला तर त्याला कोणी प्रमाणपत्र मागत नाही. सार्वजनिक पैशाचा मुद्दा असेल तर अनुदान घेणारा प्रत्येक जण सार्वजनिक पैसाच घेतो. मग संशय एकाच दिशेला का वळतो? नोकरीतल्या आरक्षणावर आपण जे ऐकत आलो तेच इथे 'कलेचा दर्जा' या नावाने ऐकू येते.

याला आणखी एक पार्श्वभूमी आहे. कोट्टायममध्ये देशाचे पहिले दलित राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या नावाने राज्य सरकारची चित्रपट शिक्षणसंस्था आहे. तिथे डिसेंबर २०२२ मध्ये विद्यार्थ्यांनी संप केला. जातीय भेदभाव आणि आरक्षणाचे नियम डावलल्याचे आरोप त्यांनी संचालकांवर केले होते, संचालकांनी ते नाकारले होते. जानेवारी २०२३ मध्ये संचालकांनी राजीनामा दिला. संस्थेचे अध्यक्ष असलेल्या अडूर यांनी संचालकांची बाजू घेतली होती, त्यांनीही महिनाअखेरीस पद सोडले. प्रशिक्षण घ्या म्हणणाऱ्यांना आपण विचारू शकतो की प्रशिक्षणाच्या दारात काय चालते, तेही पाहणार ना?

महाराष्ट्रात ही चर्चा अजून सुरूच झालेली नाही, कारण अशी योजनाच नाही. योजना मागितली की हेच युक्तिवाद इथेही येतील. त्यांची उत्तरे आपल्याकडे तयार हवीत.

पडद्यामागचे काम विसरू नका

दिग्दर्शकाची चर्चा नेहमी होते. पण चित्रनगरीतला खरा रोजगार पडद्यामागे आहे. दैनंदिन मालिकेला महिन्याचे बहुतेक दिवस चित्रीकरण लागते. सुतार, रंगारी, लाईटमन, ध्वनिमुद्रक, संकलक, वेशभूषा, रंगभूषा, जेवण, टेम्पो, कनिष्ठ कलाकार, असा मोठा गोतावळा एका सेटवर जगतो. 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका कोल्हापूरजवळच्या वसगड्यात चित्रित झाली, तेव्हा त्या पंचक्रोशीने हा रोजगार जवळून पाहिला. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनामुळे राज्यात चित्रीकरण थांबले तेव्हा अनेक मराठी मालिका गोव्यासारख्या ठिकाणी गेल्या आणि इथल्या रोजंदारीवरच्या माणसांचे हाल झाले.

आपली पोरे या कामात आहेत, पण बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या पायरीवर. सामान उचलणे, दिवे वाहणे, बारा-बारा तासांची पाळी. कॅमेरा, ध्वनी, संकलन या कुशल कामांत पोहोचायला शिक्षण आणि ओळख दोन्ही लागते. जातीने ठरवून दिलेली कामाची उतरंड आधुनिक स्टुडिओतही नकळत उभी राहते. गोरेगावच्या चित्रनगरीच्या हद्दीत आदिवासी पाडे आहेत आणि तिथल्या लोकांना मूलभूत सोयींसाठीही झगडावे लागले आहे. झगमगाटाच्या शेजारचा अंधार तो हाच. सार्वजनिक जमिनीवर, सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या जागेत आजूबाजूच्या माणसांचा वाटा किती, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला संविधानाने दिला आहे. अनुच्छेद ४६ दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक आणि आर्थिक हितांची जपणूक हे राज्याचे कर्तव्य मानते. सिनेमा हा उद्योग असेल, तर तो या कर्तव्याबाहेर कसा राहील?

काय मागायचे?

पहिली मागणी, महामंडळाने दरवर्षी अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि महिला दिग्दर्शकांच्या ठरावीक चित्रपटांची निर्मिती स्वतः करावी. पैसा टप्प्याटप्प्याने द्यावा, पण पटकथा मंजूर झाल्यापासून द्यावा. प्रत्येक टप्प्याला मुदत असावी आणि ती पाळली नाही तर जबाबदारी ठरावी. बौद्ध तरुणांना अनुसूचित जातीच्या गटातून अर्ज करता यायला हवा. १९९० च्या केंद्रीय दुरुस्तीने धर्मांतरित बौद्धांचा अनुसूचित जातीचा दर्जा मान्य झाला आहे, पण योजनेच्या कागदावर तसे स्पष्ट लिहिलेले नसले की तालुक्याच्या टेबलावर अडवणूक होते, हे आपण शिष्यवृत्तीच्या बाबतीत पाहिले आहे.

दुसरी, सध्याच्या अनुदान योजनेत पहिला चित्रपट करणाऱ्यांना काही हिस्सा आगाऊ मिळावा.

तिसरी, परीक्षण समित्यांवर वंचित समाजातले जाणकार असावेत आणि कोणत्या चित्रपटाला किती गुण, का, हे जाहीर व्हावे.

चौथी, दोन्ही चित्रनगऱ्यांत कॅमेरा, ध्वनी, प्रकाश, संकलन या कामांसाठी विद्यावेतनासह उमेदवारीची सोय असावी. सरकारी जागा सवलतीत वापरणाऱ्या निर्मात्याने काही उमेदवार घेणे बंधनकारक करता येईल.

पाचवी, सरकारी पैशातून बनलेला चित्रपट लोकांना दिसला पाहिजे. जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी सभागृहे आहेत, सामाजिक न्याय भवने आहेत. महिन्यातून दोन दिवस तिथे पडदा लावायला फार पैसा लागत नाही.

आपण काय करायचे?

मागणी माहितीशिवाय टिकत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली दहा रुपयांच्या अर्जात महामंडळाला विचारता येते: गेल्या दहा वर्षांत किती चित्रपटांना अनुदान मिळाले, त्यांचे निर्माते-दिग्दर्शक कोण, समितीचे सदस्य कोण, किती अर्ज नाकारले, निर्णयाला सरासरी किती महिने लागले. तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे, नाही मिळाले तर पहिले अपील करता येते. अर्जदारांच्या सामाजिक प्रवर्गाची नोंदच ठेवली जात नसेल, तर ती ठेवा ही आपली मागणी असेल. मोजलेच नाही तर विषमता दिसणार कशी?

ज्यांना या क्षेत्रात जायचे आहे त्यांनी जातप्रमाणपत्र आणि पडताळणीची कागदपत्रे आधीच तयार ठेवावीत. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये केंद्राच्या नियमाप्रमाणे आरक्षण आहे. दिग्दर्शनाइतकाच ध्वनी, संकलन, छायाचित्रण या शाखांचा विचार करा, कारण तिथे काम लवकर मिळते. कॅमेरा किंवा एडिटिंगचा छोटा व्यवसाय सुरू करायचा असेल तर महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या कर्ज योजनांची जिल्हा कार्यालयात चौकशी करा.

आणि मंडळांना एक विनंती. जयंतीच्या खर्चातला काही भाग बाजूला काढून गावातल्या किंवा वस्तीतल्या दोन मुलामुलींच्या फिल्मला द्या. डीजेच्या एका रात्रीत जेवढे जातात तेवढ्यात एक चांगली शॉर्टफिल्म होते, आणि ती पुढच्या जयंतीलाही दाखवता येते. सरकारकडे भांडवल मागताना समाजाने स्वतःही थोडे घातलेले असले, तर आपल्या मागणीला वजन येते.

शाहू महाराजांनी १९२० मध्ये २,५०० रुपये दिले तेव्हा 'मूकनायक' नफ्यात चालेल का, असा हिशेब त्यांनी केला नाही. ज्यांना बोलू दिले जात नाही त्यांच्या हातात बोलण्याचे साधन देणे हे राज्याचे काम आहे, असे त्यांनी मानले. आज ते साधन कॅमेरा आहे. चित्रनगरीची जमीन जनतेची आहे, अनुदानाचा पैसा जनतेचा आहे आणि त्या जनतेत आपणही आहोत. आपला वाटा मागायची सुरुवात एका दहा रुपयांच्या अर्जाने करू या.

जय भीम.